डोंगरीच्या तुरुंगातील आगरकर
(द्वितीय वर्ष, कला)

तुरुंग म्हटला की आम्हा खानदेशच्या मुलांना धुळ्याचा तुरुंग आठवतो. १९३२ साली त्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, हे आम्ही प्राथमिक शाळेपासून ऐकत आलो. त्यामुळे थोर माणसे तुरुंगात जातात ती देशासाठी, आणि तेथून बाहेर येतात ती अधिक थोर होऊन, अशी माझी साधी समजूत होती. पण त्याच्या बरोबर पन्नास वर्षे आधी, १८८२ साली, मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात पुण्याचे दोन तरुण संपादक एकशे एक दिवस कोंडले गेले होते. त्यांची हकीकत वाचल्यावर माझ्या त्या समजुतीला धक्का बसला. दोघांपैकी एक बाळ गंगाधर टिळक. त्यांचा मंडालेचा तुरुंगवास साऱ्या देशाला ठाऊक आहे. दुसरे गोपाळ गणेश आगरकर. प्रस्तुत लेख या दुसऱ्या कैद्याविषयी आहे.

दिवाळीच्या सुटीत मी आगरकरांचे चरित्र घरी वाचीत होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील केळीच्या बागेत मजुरी करतात आणि सही पुरते अक्षर जाणतात. कोणाचे पुस्तक आहे म्हणून त्यांनी विचारले. मी सांगितले की हे मोठे विद्वान होते, संपादक होते आणि तुरुंगात गेले होते. तेव्हा वडिलांनी सरळ विचारले, की या माणसाने चोरी केली होती काय? मी नाही म्हणालो. मग कशासाठी गेले, असा त्यांचा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर मला एका वाक्यात देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचाच प्रयत्न आहे.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. जातीने ते ब्राह्मण, म्हणून अक्षरांची वाट त्यांच्या घराला आमच्यासारखी नवी नव्हती. पण दारिद्र्य मात्र आमच्या ओळखीचेच होते. कऱ्हाडला मामांच्या घरी राहून त्यांनी शिक्षण सुरू केले. पुढे शिकायला पैसा नाही म्हणून कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शिकायचेच म्हणून पायी रत्नागिरीला गेले आणि तेथे निभाव लागला नाही तेव्हा परत आले. शेवटी नातेवाइकांच्या आश्रयाने ते अकोल्यास पोहोचले. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे मलकापूर आणि शेगाव मागे टाकल्यावर लागते तेच हे अकोला. तेथील विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या शिक्षकाने या हुशार मुलाला हात दिला. १८७५ साली ते मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले.

कॉलेजात असताना त्यांच्याजवळ एकच सदरा होता. रात्री तो धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी अंगात चढवायचा, असा त्यांचा क्रम होता, असे सांगतात. हे वाचताना मला वसतिगृहातील दोरीवरचे माझे कपडे आठवले. अशा परिस्थितीत एम.ए. होऊ घातलेल्या मुलाने काय करावे? त्या काळी पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते. मामलेदारी किंवा मुन्सफी चालून आली असती. घरी आई त्याच आशेवर डोळे लावून बसली होती. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळविले की मुलगा मोठ्या पगाराचा अधिकारी होईल ही आशा तिने सोडून द्यावी. आपण पोटापुरत्या पैशावर समाधान मानून उरलेला वेळ लोकांच्या हितासाठी घालविणार, असा त्यांचा निश्चय होता. ते पत्र ऐकताना त्या माउलीला काय वाटले असेल? मला तर ते पत्र वाचून भीतीच वाटली. असे पत्र मी माझ्या आईला लिहू शकेन काय, याचे उत्तर अजून माझ्याजवळ नाही.

२ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले. एम.ए. झाल्यावर आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारीत याच मंडळींनी दोन पत्रे सुरू केली, इंग्रजीत 'मराठा' आणि मराठीत 'केसरी'. 'केसरी'चे संपादकपद आगरकरांकडे आले. पत्र काढण्यामागचा हेतू या मंडळींनी आरंभीच सांगितला होता. रात्री रस्त्यावर दिवे असले आणि पोलिसांची गस्त चालू असली म्हणजे चोराला जसा वचक बसतो, तसा वर्तमानपत्राच्या लेखणीचा वचक अधिकाऱ्यांवर बसतो. म्हणून ठिकठिकाणचे अधिकारी आपली कामे कशी करतात हे निःपक्षपातीपणे लिहावयाचे, असे त्यांनी ठरविले होते. आज ज्याला आपण शोध पत्रकारिता म्हणतो तिचेच हे बीज नव्हे काय?

वर्ष सरायच्या आतच या व्रताची परीक्षा झाली, आणि तिला कारण झाले कोल्हापूर संस्थान. कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाला गेले असता १८७० साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांना मुलगा नव्हता. म्हणून १८७१ साली एका आठ वर्षांच्या मुलाला दत्तक घेण्यात आले. तेच चौथे शिवाजी महाराज होत. राजा अज्ञान असल्यामुळे राज्याचा कारभार इंग्रज अधिकारी आणि कारभारी यांच्या हाती होता. १८८१ च्या सुमारास माधवराव बर्वे हे कारभारी होते. महाराजांना वेड लागले आहे असे सरकारी रीतीने सांगण्यात येत होते. परंतु बाहेर लोकांत बोलवा अशी होती की राजाला मुद्दाम छळून वेडे ठरविले जात आहे. ज्या गादीचे नाव शिवछत्रपतींशी जोडलेले, त्या गादीवरच्या एका पोरक्या मुलाची ही अवस्था ऐकून सारा महाराष्ट्र हळहळत होता.

अशा वेळी पुण्यात काही पत्रे पुढे आली. बर्वे यांनीच ती लिहिली आहेत, आणि महाराजांच्या जिवावर उठल्याचा पुरावा त्यांत आहे, असे ती दाखविणाऱ्यांचे म्हणणे होते. 'केसरी' आणि 'मराठा' या दोन्ही पत्रांनी बर्व्यांच्या कारभारावर कडक टीका केली आणि या पत्रांच्या आधाराने गंभीर आरोप छापले. बर्वे यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद लावली. आणि कोर्टात जे निष्पन्न झाले ते दोघा संपादकांच्या पायाखालची जमीन काढून घेणारे होते. ती पत्रे बनावट ठरली.

येथे मी वाचता वाचता थांबलो. माझ्या मनातील गोष्ट अशी होती की शूर संपादकाने सत्य छापले आणि जुलमी सरकारने त्याला तुरुंगात टाकले. प्रत्यक्षात घडलेली गोष्ट तशी नव्हती. संपादक शूर होते, त्यांचा हेतू निर्मळ होता, दुबळ्याची बाजू घ्यावी म्हणून ते पुढे झाले होते. पण ज्या कागदावर त्यांनी भरवसा ठेवला तो कागद खोटा होता, आणि छापण्यापूर्वी तो पुरता पारखून घेतलेला नव्हता. वय अवघे पंचविशीचे, मनात संताप आणि हातात आयता पुरावा. अशा वेळी थांबून चौकशी करणे किती कठीण असते!

पत्रे खोटी आहेत हे ध्यानात येताच दोघांनी बर्व्यांची माफी मागितली. आपल्याला दुष्टावा करावयाचा नव्हता, आपण फसलो, असे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. तरीही बर्व्यांनी खटला मागे घेतला नाही. खटला चालू असतानाच मार्च १८८२ मध्ये चिपळूणकर वारले आणि या तरुणांच्या डोक्यावरचे वडीलधारे छत्र गेले. कोर्टात त्यांच्या बाजूने फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारखे नामवंत वकील उभे होते. १७ जुलै १८८२ रोजी न्यायमूर्ती लॅथम यांनी दोघांना चार महिने साध्या कैदेची शिक्षा सांगितली. तीनच दिवसांपूर्वी आगरकरांना सव्विसावे वर्ष पुरे झाले होते. टिळकांचा सव्विसावा वाढदिवस २३ जुलैला, म्हणजे तुरुंगातच उजाडला.

या खटल्यातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जामिनासाठी दहा हजार रुपयांची हमी हवी होती. १८८२ सालचे दहा हजार म्हणजे केवढी रक्कम! शाळामास्तरांजवळ ती कोठून येणार? त्या वेळी जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे हे जामीन राहिले. फुले आणि 'केसरी'ची मंडळी यांचे विचार जुळणारे नव्हते. चिपळूणकरांनी तर फुल्यांवर जहरी टीका केली होती. ती मनात न धरता फुल्यांनी आपला माणूस पुढे केला. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या पाटीला हात लागला नव्हता त्यांच्यासाठी शाळा काढणाऱ्या जोतीरावांनी या दोन पदवीधरांना संकटात हात दिला, हे आमच्यासारख्यांनी विसरू नये.

डोंगरीच्या तुरुंगातील कोठडी लहान, अन्न वाईट आणि अंथरायला कांबळी. साधी कैद म्हणून सक्तीची मजुरी नव्हती, एवढाच दिलासा. एकशे एक दिवसांत आगरकरांचे वजन सोळा पौंडांनी आणि टिळकांचे चोवीस पौंडांनी घटले. पण दोघांची बोलणी थांबली नाहीत. आपल्या देशातील लोकांसाठी कॉलेज कसे काढावे, पैसा कोठून आणावा, राजकारण आधी की समाजसुधारणा आधी, यांवर रात्री त्यांचे वाद इतके रंगत की आवाज चढे आणि पहारेकऱ्यांना येऊन दटावावे लागे. याच काळात आगरकरांनी शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' नाटक मराठीत आणण्याचे काम केले, असे चरित्रकार सांगतात. ते 'विकारविलसित' या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले. हॅम्लेट हाही एका राजघराण्यातला मुलगा. राजवाड्यात एकटा पडलेला आणि सर्वांनी वेडा म्हटलेला. कोल्हापूरच्या राजासाठी तुरुंगात आलेल्या माणसाच्या मनात हे साम्य आले नसेल असे मला वाटत नाही.

चार महिने पुरे होण्यापूर्वीच, २६ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांची सुटका झाली. दारावर लोकांची गर्दी लोटली होती. स्वागताला नारायण मेघाजी लोखंडे आणि इतर सत्यशोधक मंडळीही पुढे होती. पुढे आगरकरांनी या दिवसांची हकीकत स्वतःच पुस्तकरूपाने लिहिली.

परंतु ज्या मुलासाठी हे सारे घडले त्याचे काय झाले? चौथ्या शिवाजी महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथे त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. वय वीस वर्षे. म्हणजे पत्रे खोटी असली तरी त्या मुलाचे हाल खोटे नव्हते. पुढे १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातील मुलाला त्या गादीवर दत्तक घेतले. तेच राजर्षी शाहू महाराज. ज्यांनी वसतिगृहे काढून बहुजनांच्या मुलांना शिक्षणाची दारे उघडली ते शाहू महाराज.

आता एक माझी कबुली. बारावीत असताना आम्ही काही मित्र एक भित्तिपत्रक चालवीत होतो. एके दिवशी आम्हाला निनावी चिठ्ठी आली. गावातील एका दुकानात गरिबांचे धान्य मापात मारले जाते, असे तीत लिहिले होते आणि सोबत काही आकडे होते. आम्ही पेटलो. मी रात्री जागून लेख लिहिला आणि सकाळी तो फळ्यावर लावला. दोन दिवस आमचा मोठा बोलबाला झाला. तिसऱ्या दिवशी कळले की चिठ्ठीतले आकडे बनावट होते, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याचा त्या दुकानदाराशी बांधावरून जुना तंटा होता. वडिलांनी मला हाताला धरून दुकानात नेले आणि माफी मागायला लावली. मी खाली मान घालून माफी मागितली.

पण शरमेपेक्षा एक गोष्ट मला अधिक लागली. त्यानंतर खरोखर कोणाला धान्य कमी मिळाले तरी तक्रार ऐकायला कोणी तयार होईना. मागे पोरांनी असेच खोटे लिहिले होते, असे म्हणून लोक विषय संपवीत. माझ्या एका लेखाने गावातल्या खऱ्या तक्रारीचे तोंड बंद झाले होते. कोल्हापूरच्या खटल्याविषयी वाचताना माझ्या मनात हेच येत राहिले. खोटा पुरावा हाती धरून आपण ज्याला आरोपी म्हणतो त्याच्यावर अन्याय होतोच. पण ज्याच्यासाठी भांडायला उभे राहिलो त्याचेही नुकसान होते. पत्रे खोटी ठरल्यावर त्या वेडा ठरविलेल्या राजासाठी बोलण्याचे बळ कोणात उरले असेल?

अशी ठेच लागल्यावर पुष्कळ माणसे कायमची गप्प बसतात. मीसुद्धा वर्षभर काही लिहिले नाही. आगरकर मात्र गप्प बसले नाहीत, आणि त्यांचे मोठेपण मला येथे दिसते. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. तुरुंगातल्या गप्पा विटामातीत उतरल्या. 'केसरी'त सुधारणेचे विचार मोकळेपणाने मांडता येईनात तेव्हा १८८७ साली त्यांनी ते पत्र सोडले. १५ ऑक्टोबर १८८८ रोजी स्वतःचे 'सुधारक' सुरू केले. इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले पाहत, मराठी आगरकर लिहीत. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रियांचे शिक्षण, अस्पृश्यता, जुन्या रूढींचा आंधळेपणा, कशालाही त्यांनी सोडले नाही.

'सुधारक'मधील त्यांच्या लेखनात एक सवय दिसते. कोणी सांगितले, ग्रंथात लिहिले आहे किंवा पूर्वापार चालत आले आहे, एवढ्यावरून ते काही मानीत नाहीत. कारण काय, पुरावा काय, परिणाम काय, असे विचारीत ते एकेक पायरी चढतात. हा बुद्धिवाद त्यांनी कॉलेजात मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांतून घेतला, असे आम्हाला शिकविले जाते. ते खरेच आहे. पण न तपासलेल्या कागदावर भरवसा ठेवल्याबद्दल ज्याने एकशे एक दिवस भोगले, त्याला पुरावा मागण्याचे महत्त्व ग्रंथांच्या पलीकडेही कळले असेल, असे मला वाटते.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. सनातन्यांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, आणि त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली. डोंगरीत ज्याच्याशी रात्र रात्र वाद घातले तो मित्र विरोधी झाला, लेखांतून कडवट शब्द उडाले. दम्याचा विकार होता तो बळावत गेला. १८९२ साली ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, तरी राहणी तीच राहिली. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नसताना, ते वारले. आपल्या अंत्यसंस्काराला लागणारे पैसे त्यांनी वेगळे बांधून ठेवले होते, असे सांगतात. पत्नी यशोदाबाईंवर आणि मुलांवर एवढाही भार नको, हा त्यामागचा विचार. मृत्युलेख लिहिताना टिळकांना अश्रू आवरले नाहीत, असेही सांगितले जाते.

ज्या १८६० च्या दंडसंहितेखाली आगरकरांना शिक्षा झाली तीच संहिता आपल्या देशात ३० जून २०२४ पर्यंत चालू होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. परंतु अब्रूनुकसानीचा गुन्हा तीतही आहे आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लिहिलेले खरे आहे एवढे दाखवून भागत नाही, ते लोकहितासाठी होते हेही दाखवावे लागते. म्हणजे अधिकाऱ्याच्या गैरकारभारावर लिहू पाहणाऱ्या खेड्यातील वार्ताहराच्या डोक्यावर ती तलवार अजून टांगलेली आहे. त्याच्यासाठी मेहता आणि तेलंग यांच्यासारखे वकील कोठून येणार? दहा हजारांचा जामीन कोण राहणार? म्हणूनच ज्याने खरे लिहिले त्याच्यामागे उभे राहणे हे वाचकांचेही काम आहे. फुल्यांनी ते करून दाखविले आहे.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मी सुटी संपताना दिले. मी सांगितले की या माणसाने चोरी केली नव्हती. एका मुलाचा छळ होतो आहे असे ऐकून तो धावून गेला, घाईत एका खोट्या कागदावर विसंबला, चूक कळताच माफी मागितली, शिक्षा भोगली आणि बाहेर येऊन पुन्हा लिहू लागला. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला दुकानातील त्या दिवसाची आठवण दिली, आणि आता पुन्हा लिहायला लाग, पण आधी नीट विचारपूस करीत जा, असे सांगितले.

भित्तिपत्रक या वर्षी आम्ही पुन्हा सुरू केले आहे. निनावी चिठ्ठ्या अजूनही येतात. आता आम्ही चिठ्ठी घेऊन आधी त्या जागी जातो, दोन्ही बाजूंना भेटतो आणि मगच लेखणी उचलतो. वेळ लागतो, कधी कधी लेख राहूनही जातो. आगरकरांना याहून वेगळे अभिवादन मला सुचत नाही.